प्रबोधिनीच्या निर्णयाची प्रतीक्षा आणि महाविद्यालयाचा प्रवेश

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस खडकवासल्याच्या जलाशयाकाठी वसलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी महाराष्ट्राला अपरिचित नाही. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. तिच्यासाठी लागणारी विस्तीर्ण जमीन त्या वेळच्या मुंबई राज्याने दिली. भूसेना, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र राहतात, एकत्र शिकतात आणि त्यानंतर आपापल्या दलाच्या प्रशिक्षणासाठी डेहराडून, एळिमला किंवा हैदराबादजवळील दुंडिगल येथे जातात. प्रबोधिनी आपल्याच अंगणात असूनही तिच्यात मराठी मुले थोडी, ही खंत जुनी आहे. ती दूर व्हावी याच हेतूने राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. सातारा येथील सैनिकी शाळा तर त्याहून आधीची, १९६१ ची.

या संस्थांविषयी, प्रवेशपरीक्षेच्या तयारीविषयी आणि शारीरिक पात्रतेविषयी बरेच लिहिले व बोलले जाते. परंतु परीक्षा दिल्यानंतरच्या काळाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. बारावी झालेला विद्यार्थी प्रबोधिनीच्या निर्णयाची वाट पाहत असतो, त्याच वेळी अभियांत्रिकीच्या किंवा विज्ञान शाखेच्या महाविद्यालयाचे दार त्याच्यासमोर उघडते आणि थोड्याच दिवसांत ते बंद होणार असते. शुल्क भरावे की थांबावे, भरलेले शुल्क परत मिळेल की नाही, चांगली जागा हातची गेली तर पुढे काय, हे प्रश्न घरोघरी पडतात आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी पालक शाळेतील शिक्षकांकडे किंवा गावातील जाणत्या माणसाकडे जातात. म्हणून या निवडीचे वेळापत्रक शिक्षकांना व पंचायत सदस्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दोन वेळापत्रके

प्रबोधिनीची लेखी परीक्षा संघ लोकसेवा आयोगामार्फत वर्षातून दोनदा, सर्वसाधारणपणे एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, घेण्यात येते. गणिताच्या प्रश्नपत्रिकेस ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीस ६०० असे लेखी परीक्षेचे ९०० गुण असतात. त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांना सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे ज्याला सर्वजण एसएसबी म्हणून ओळखतात त्या मंडळापुढे, पाच दिवसांच्या चाचण्यांसाठी बोलावले जाते. त्या चाचण्यांसही ९०० गुण आहेत. एकूण १८०० गुणांवर गुणवत्ता यादी तयार होते.

एप्रिलच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष कसे जाते ते पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा, एप्रिलमध्ये प्रबोधिनीची लेखी परीक्षा, तिच्याच आगेमागे जेईई आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, मे महिन्यात बारावीचा निकाल. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेचा निकालही बहुधा मे महिन्यातच लागतो. त्यानंतर जून ते सप्टेंबर या काळात महाविद्यालयांच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या चालतात आणि नेमक्या याच काळात निवड मंडळाच्या मुलाखतीही चालू असतात. अंतिम यादी लागेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, कधी तो सरतही येतो. अभ्यासक्रमास प्रारंभ होतो तो नव्या वर्षाच्या आरंभी, जानेवारीत. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला प्रबोधिनीत जायचे आहे, त्याच्या महाविद्यालयीन प्रवेशाची शेवटची तारीख उलटून जाते तेव्हा त्याच्या हाती काहीच निश्चित नसते. महाविद्यालयाचे पहिले सत्र संपत आले, की मग निर्णय होतो.

या विलंबात कोणाचा दोष नाही. हजारो उमेदवारांच्या पाच-पाच दिवसांच्या चाचण्या प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू, जालंधर अशा मोजक्या केंद्रांवर घ्यावयाच्या, त्यानंतर वैद्यकीय तपासणी करावयाची, यास काही महिने लागणारच.

शिफारस म्हणजे प्रवेश नव्हे

निवड मंडळाच्या कार्यपद्धतीबाबत ग्रामीण भागात अनेक गैरसमज आढळतात. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून कथा लिहिण्याची व तीवर गटात चर्चा करण्याची चाचणी होते. त्यातून पुढे न गेलेल्या उमेदवारांना त्याच दिवशी परत पाठविले जाते. लातूरहून वा गडचिरोलीहून दीड दिवसाचा प्रवास करून गेलेला मुलगा असा पहिल्याच दिवशी परतला, तर गावात कुजबुज होते. वास्तविक या टप्प्यावर परतणाऱ्यांची संख्याच मोठी असते आणि पुढील परीक्षेस बसून पुन्हा मंडळापुढे जाण्यास त्यामुळे कोणतीही आडकाठी येत नाही. आजचे कित्येक अधिकारी दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस निवडले गेलेले आहेत.

जे पुढे जातात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्य आणि व्यक्तिगत मुलाखत होते. पाचव्या दिवशी मंडळाच्या सर्व सदस्यांच्या बैठकीपुढे प्रत्येकाला उभे राहावे लागते आणि त्याच दिवशी निकाल सांगितला जातो. निवडलेल्यांना ‘शिफारसप्राप्त’ म्हणतात व त्यांना वैद्यकीय तपासणीसाठी थांबवून घेण्यात येते.

येथेच सर्वांत मोठी गफलत होते. मंडळाची शिफारस मिळाली ही बातमी गावी पोहोचते, आणि मुलगा घरी येण्यापूर्वीच चौकात अभिनंदनाचे फलक लागतात. ग्रामपंचायतीच्या प्रांगणात सत्कार होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. पण शिफारस म्हणजे प्रवेश नव्हे. एप्रिल २०२४ च्या परीक्षेचेच उदाहरण घ्यावे. जाहिरातीत ४०० जागा होत्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आयोगाने जी अंतिम यादी प्रसिद्ध केली, तिच्यात ६४१ उमेदवारांची नावे होती. ही यादी तयार करताना वैद्यकीय तपासणीचा निकाल विचारात घेतला जात नाही, हे आयोग आपल्या पत्रकात दर वेळी स्पष्ट करतो. यादीतील काही जण वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरतात, काही अन्यत्र जातात, आणि मग क्रमाने खालच्यांना संधी मिळत जाते. प्रत्येकाने दलांचा जो पसंतीक्रम दिलेला असतो, त्यानुसारही जागांची वाटणी होते. अलीकडच्या जाहिरातींत प्रबोधिनीच्या ३७० जागांपैकी भूसेनेसाठी २०८, नौदलासाठी ४२ आणि हवाई दलासाठी १२० असतात, व उरलेल्या जागा नौदल अकादमीच्या थेट प्रवेशाच्या. केवळ हवाई दलच हवे असा हट्ट धरणाऱ्याचे गणित भूसेनेस प्रथम पसंती देणाऱ्यापेक्षा निराळे असणार हे उघड आहे.

तेव्हा यादीत पाचशेव्या क्रमांकावर असलेल्या मुलाला रुजू होण्याचे पत्र येईल की नाही, हे यादी लागल्यावरही काही आठवडे कोणी सांगू शकत नाही. प्रतीक्षेचा सर्वांत कठीण काळ हाच. लेखी परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी मे महिन्यातच मोकळा होतो. सर्व पायऱ्या चढून गेलेला मात्र डिसेंबरपर्यंत अधांतरी राहतो. त्या अवस्थेत गावाने लावलेला फलक त्याला ओझे वाटतो, आणि पत्र न आल्यास तो उतरवतानाची शरम अठरा वर्षांच्या मुलाला एकट्याने सोसावी लागते. पंचायतीने सत्कार जरूर करावा, परंतु तो रुजू होण्याचे पत्र हाती आल्यानंतर.

कोणत्या महाविद्यालयात जावे

प्रबोधिनीची निवड अनिश्चित असताना महाविद्यालयात प्रवेश घ्यावा काय, याचे उत्तर सरळ आहे : घ्यावा. खरा प्रश्न कोणत्या महाविद्यालयात व कोणत्या शाखेत घ्यावा, हा आहे.

पुष्कळ कुटुंबांत असा विचार केला जातो की, मुलगा जानेवारीत खडकवासल्यास जाणारच आहे, तर चार महिन्यांसाठी अभियांत्रिकीचे भारी शुल्क कशाला भरा? तालुक्याच्या ठिकाणी पदवी वर्गात नाव घालावे, म्हणजे वेळही जाईल आणि खर्चही वाचेल. वरवर पाहता हा हिशेब शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो बहुतेकांना महाग पडतो. अंतिम यादीत न बसणाऱ्यांची संख्या बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. अशा विद्यार्थ्याला ज्या शाखेत मनापासून शिकायचे नव्हते तेथे तीन वर्षे काढावी लागतात, किंवा एक वर्ष वाया घालवून पुन्हा प्रवेशपरीक्षेच्या रांगेत उभे राहावे लागते. प्रबोधिनीच्या दृष्टीने विद्यार्थी त्या चार महिन्यांत कोणत्या महाविद्यालयात होता, यास काडीचेही महत्त्व नाही. ती आपल्या छात्रांना स्वतःच्या अभ्यासक्रमाद्वारे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळवून देते. म्हणून महाविद्यालयाची निवड करताना प्रबोधिनी अस्तित्वातच नाही असे समजून ती करणे इष्ट. जी जागा प्रबोधिनीत प्रवेश न मिळाल्यास विद्यार्थ्याला हवीशी वाटेल, तीच घ्यावी.

अर्थात, हे सांगणे सोपे आहे. ज्याच्या घरी सोयाबीनची पट्टी हाती येईपर्यंत पैसा नाही, त्या शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये शुल्क भरून ते बुडण्याची जोखीम घ्या असे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून शुल्कपरताव्याचे नियम नीट माहीत असणे आवश्यक ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये याबाबत सविस्तर अधिसूचना काढली. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क, पंधरा दिवसांच्या आत असल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, पुढे तीस दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही, अशी पायरी तीत ठरवून दिली आहे. अलीकडील काही वर्षांत प्रवेशप्रक्रिया लांबल्यामुळे आयोगाने विशेष सवलतीही दिल्या. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत संपूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून परतावा अशी ती सवलत होती. त्या वर्षी प्रबोधिनीची अंतिम यादी लागली तेव्हा ही मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले होते, आणि रुजू होण्याची पत्रे निघावयाची होती. ज्यांचे क्रमांक वरचे होते आणि वैद्यकीय तपासणीत जे पात्र ठरले होते, त्यांना त्या दिवसांत निर्णय घेणे शक्य होते. इतरांनी केवळ शुल्क वाचविण्यासाठी महाविद्यालय सोडणे म्हणजे एका अनिश्चित गोष्टीसाठी निश्चित गोष्ट टाकून देणे ठरले असते. सवलतीच्या तारखा दर वर्षी बदलतात. त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच पालकांना सल्ला द्यावा.

याच अधिसूचनेने विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाने अडवून ठेवण्यास मनाई केली आहे. रुजू होताना मूळ कागदपत्रे लागतात, आणि ऐन वेळी ती महाविद्यालयाच्या कपाटात बंद असल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. नियम दाखवूनही कोठे अडवणूक झाल्यास विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येते.

प्रबोधिनीतील प्रशिक्षण, निवास, भोजन व गणवेश यांचा खर्च शासन करते. पालकांवर किरकोळ वैयक्तिक खर्चाचाच भार पडतो. मात्र छात्राने स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण अर्धवट सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च पालकांकडून वसूल करण्यात येतो, आणि तशा आशयाचे बंधपत्र आधीच घेतलेले असते. ‘जाऊन तर बघू, नाही जमले तर परत येऊ’ असे म्हणून महाविद्यालय सोडणाऱ्यांनी ते बंधपत्र सही करण्यापूर्वी वाचावे. प्रशिक्षणात दुखापत होऊन वैद्यकीय कारणास्तव बाहेर पडावे लागलेल्या छात्रांची स्थिती तर फार काळ बिकट राहिली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर अशा छात्रांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचा लाभ देण्याचा निर्णय झाला.

सप्टेंबरची परीक्षा

या सर्व ओढाताणीतून सुटण्याचा एक मार्ग आहे, आणि तो फारच थोड्या शाळांत सांगितला जातो. बारावीत शिकत असलेला विद्यार्थीही प्रबोधिनीच्या परीक्षेस बसू शकतो. त्याने बारावीच्या वर्षातील सप्टेंबरची परीक्षा दिली, तर निवड मंडळाच्या मुलाखती हिवाळ्यात होतात, अंतिम यादी बहुधा एप्रिलच्या सुमारास लागते आणि अभ्यासक्रम जुलैमध्ये सुरू होतो. म्हणजे महाविद्यालयांच्या प्रवेशफेऱ्या सुरू होण्यापूर्वीच त्याला आपली जागा कळलेली असते. अडचण एवढीच की, मुलाखत बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे येते. भूसेनेच्या मंडळांसाठी उपलब्ध तारखांपैकी एक निवडण्याची सोय असते. तिचा उपयोग करून प्रात्यक्षिक परीक्षेच्या तारखा टाळता येतात. त्यासाठी शाळेने प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक विद्यार्थ्याला वेळेवर सांगावे आणि पाच-सहा दिवसांची रजा कुरकुर न करता द्यावी.

वयाचा हिशेबही याच संदर्भात करावा लागतो. अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवाराचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. ज्याला बारावीच्या वर्षी २० जून रोजी अठरा वर्षे पूर्ण होतात, तो पुढील जानेवारीच्या व जुलैच्या तुकडीसाठी पात्र राहतो, पण त्यानंतरच्या जानेवारीस त्याचे वय साडेएकोणीसच्या वर जाते. तोच मुलगा २० जुलैचा असता, तर त्याला आणखी एक संधी मिळाली असती. एका महिन्याच्या अंतराने एवढा फरक पडतो. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच ग्राह्य धरली जाते. पहिलीत नाव घालताना सोयीसाठी लिहिलेली १ जूनची तारीख पुढे अशी आड येते, हे प्राथमिक शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

नंतरच्या वाटा

वयोमर्यादा उलटली म्हणून अधिकारी होण्याची वाट बंद होत नाही. गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेल्यांसाठी भूसेनेची तांत्रिक प्रवेश योजना आहे. तिच्यात जेईईचे गुण विचारात घेतले जातात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीट परीक्षेद्वारे जाता येते. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे, हवाई दलाची स्वतंत्र परीक्षा आहे, आणि राष्ट्रीय छात्र सेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांना तर लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे जाता येते. यामुळे ज्या महाविद्यालयात छात्र सेनेची तुकडी आहे ते निवडणे, हा प्रतीक्षेतील विद्यार्थ्यासाठी एक चांगला निकष ठरतो. तेथील दोन-तीन वर्षे मग निव्वळ वाट पाहण्यात जात नाहीत.

मुलींच्या बाबतीत ही सर्व चर्चा अगदी नवी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील अंतरिम आदेशानंतर त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी झालेल्या परीक्षेस मुली प्रथमच बसल्या. पहिल्या तुकडीतील १७ छात्रा ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या मैदानावरून दीक्षांत संचलन करीत बाहेर पडल्या. नाशिक येथे मुलींसाठी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू झाली. मुलींसाठीच्या जागा अद्याप थोड्या आहेत, त्यामुळे दुसरा प्रवेश हाताशी ठेवण्याची निकड त्यांच्याबाबतीत अधिक. ‘एवढ्या लांब पाठवायचे, तेही निश्चित नाही, मग लग्नाचे बघू’ अशी बोलणी अशा अधांतरी काळातच सुरू होतात, आणि महाविद्यालयात नाव असलेल्या मुलीच्या घरी ती जरा उशिरा सुरू होतात, असा शिक्षकांचा अनुभव आहे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले आहे. प्रबोधिनीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीला अभियांत्रिकीतील जागा राखून ठेवण्याचा खर्च त्यामुळे बराच कमी झाला. मात्र त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र व प्रवर्गानुसार लागणारी अन्य प्रमाणपत्रे प्रवेशफेरीपूर्वी तयार असावी लागतात. प्रबोधिनीच्या निवडीत जातीनिहाय आरक्षण नसल्याने अनेक पालक ही कागदपत्रे काढण्याचे लांबणीवर टाकतात, आणि जून महिन्यात तहसील कार्यालयातील गर्दीत उभे राहतात. बारावीच्या वर्गशिक्षकांनी दिवाळीच्या सुटीपूर्वीच अशा विद्यार्थ्यांची यादी करून ती तलाठ्याकडे व सेतू केंद्राकडे दिल्यास हे दाखले उन्हाळ्यापूर्वी हाती येऊ शकतात.